हात न लावलेलं पाणी

फूऽऽर्र.

दुपारचं घर इतकं गप्प होतं की मला आधी तो आवाज एखाद्या पाखराचा वाटला. मैना झोपली आहे या भरवशावर मी लॅपटॉप उघडून बसले होते. तिची झोप हाच माझ्या कामाचा तास. तेवढ्यात आवाज पुन्हा आला. बारीक, फाटका. स्वयंपाकघरातून.

"मैने?"

फूऽऽर्र.

उठून पाहिलं. ओट्याखाली पिठाच्या डब्याला टेकून बाईसाहेब बसलेल्या. दोन्ही अंगठ्यांमध्ये एक निळं झाकण धरलेलं, ओठ त्यावर टेकलेले, गाल फुगलेले, हनुवटीवरून लाळेचा ओघळ थेट फ्रॉकवर.

"खुशालमामानं शिकवली," ती म्हणाली. "आधी नुसतं फुसफुस व्हायचं. आता वाजते. ऐक हं."

मी हसणारच होते. पाच वर्षांच्या पोरीनं भर दुपारी शिट्टी कमावली होती, कौतुक करायलाच हवं होतं. मग झाकणाकडे नीट बघितलं. निळं, आतून पांढरी कडी. बाजारात अशी झाकणं मिळत नाहीत.

"हे कुठून घेतलंस?"

"तुझ्या पेटीतून."

"आज?"

"आज पण. त्या दिवशी डोहावर पण वाजवलं होतं. तेव्हा येत नव्हतं."

"डोहावर झाकण तुझ्याकडे कसं आलं?"

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की ही बाई किती विसरते. "तूच दिलंस ना! तू बांबू धरलेला. म्हणालीस, धर, खाली ठेवू नको, माती लागेल. मी ठेवलंच नाही खाली."

मी तिच्याशेजारी फरशीवरच बसले.

त्या झाकणापायी माझ्या भावाचं जाळं आठ दिवस खुंटीला टांगलेलं होतं. गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. आणि मी त्याला, माझ्या सख्ख्या भावाला, खोटारडा म्हटलं होतं.

*

भुरकी ही काही मोठी नदी नाही. नकाशावर बोटभर. पण तिच्या खोऱ्यात एकशे ऐंशी गावं आहेत, रान आहे, जुनी तळी आहेत, धान आहे. पाच वर्षांपूर्वी ठरलं की या सगळ्याची मिळून एकच जतन-योजना करायची, आणि ती सगळ्यांनी मिळून करायची. पूर्वी अशा योजना जिल्ह्याच्या गावी एखाद्या सभागृहात व्हायच्या. गाडीनं येणारे पुढे बसून बोलायचे. आमची ढिवरांची, मासेमारांची, माणसं एसटीनं पोचेपर्यंत चहाचे कप गोळा होत असायचे. या वेळी तसं नको, या वेळी नदीलाच विचारू, असं म्हणून ते यंत्र आणलं.

कल्पना साधी आहे. पाण्याला ज्याचा ज्याचा स्पर्श होतो तो काहीतरी मागे ठेवून जातो. माशाचं खवलं, म्हशीचं शेण, पाखराचं पीस, माणसाची कातडी, थुंकी. त्या प्रत्येकात डीएनए असतो. लिटरभर पाणी एका बारीक जाळीच्या कागदातून गाळायचं, कागद जेवणाच्या डब्याएवढ्या यंत्रात घालायचा. चार तासांत यादी हातात: मरळ, वाम, झिंगे, पाणमांजर, सांबर, म्हैस, माणूस. उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात या खुणा दोन-तीन दिवसच टिकतात, म्हणून यादी ताजी असते. परवा कोण आलं होतं ते नदी सांगते.

ज्यांना ज्यांना योजनेत बोलायचं होतं त्यांनी गालाच्या आतला कापसाचा बोळा दिला. मच्छीमार सोसायटीनं, शेतकऱ्यांनी, गुराख्यांनी, रेतीवाल्यांनी, रिसॉर्टवाल्यांनी; त्यांनी तर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचासुद्धा. यंत्र कुणाचं नाव सांगत नाही, फक्त गट सांगतं. नदीच्या प्रत्येक टप्प्यात कुठल्या गटाचा स्पर्श किती, यावरून त्या गटाचं तिथलं नातं ठरतं, आणि नात्यावरून त्या टप्प्याच्या सभेतल्या खुर्च्या. शंभरात एकाहून कमी असेल तर खुर्ची नाही. सरकारी कागदावर त्याचं नाव लांबलचक आहे. आमच्या सोनपुरीत त्याला सगळे पंच म्हणतात.

हे यंत्र मला फार आवडलं होतं. नागपूरला प्राणिशास्त्र शिकून मी माहेरी आले ती याच नोकरीसाठी. मैनेचे बाबा तिकडे, शनिवारी येतात. घरोघर बोळे घेऊन मीच फिरले. तान्ह्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सोसायटीतल्या प्रत्येकाचा गाल मी पुसला. मैनेचाही. मामाच्या गावी वाढते म्हणून तिचं नाव सोसायटीच्या यादीत. "आता तुम्हाला कोणी विचारलं नाही असं व्हायचं नाही," हे वाक्य मी किती ओसऱ्यांवर बोलले असेन! ते बोलणारी मीच होते, हे इथे लिहून ठेवते.

आता डोह. गावाच्या वरच्या अंगाला काळ्या खडकाच्या उंबऱ्याआड भुरकी खोल होते, तो आसरांचा, पाण्यातल्या देवींचा, डोह. त्यात आमचं कोणी उतरत नाही. कधीच नाही. जाळं नाही, गळ नाही, आंघोळ नाही, घागर नाही. एखादं जनावर घुसलं तर काठावरून दोर टाकून ओढतात. याला पाळ म्हणतात. पाळ मोडली की मोडणाऱ्याचं जाळं वर्षभर सोसायटीच्या खुंटीला, आणि मासेमारीच्या होडीत, डोंग्यात, त्याला जागा नाही. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा खालचा-वरचा सगळा मासा त्या डोहात जमा होतो आणि पाऊस लागला की तिथूनच खोरंभर पसरतो. काकू त्याला बी म्हणतात. बियाण्याच्या कणगीत कोणी हात घालतं का?

काकू म्हणजे अंजनाकाकू मारबते, सोसायटीच्या अध्यक्षा. पासष्टीच्या, हाडकुळ्या. आवाज असा की पलीकडच्या काठावरचा बगळा उडावा.

आणि डोहाच्या वर, तीनशे मीटरवर, चार वर्षांपूर्वी आलेलं रिसॉर्ट. लाकडी मचाण, त्यावरून पाण्यात उड्या. शनिवार-रविवार नदीत पन्नास-साठ माणसं. त्यांचा घाम, त्यांचं मलम, त्यांचं मूत, सगळं संथ वाहत डोहात येतं आणि तिथं मुरतं. त्यांचा प्रस्ताव असा की खडकाचा उंबरा फोडायचा, डोह रुंद करायचा आणि त्यात पायानं चालवायच्या बोटी सोडायच्या.

डोहाचे तीन नमुने घ्यायचे होते. पहिल्या दोन्हींचा निकाल सारखाच आला. रिसॉर्ट: एकसष्ट. रेतीवाले: नऊ. मच्छीमार सोसायटी: शून्य.

मी आकडा तीनदा तपासला. यंत्र चुकलं नव्हतं. नऊ पिढ्या ज्यांनी त्या पाण्याला हात लावला नाही त्यांची त्यात खूण सापडत नव्हती, एवढंच. आणि रविवारी येऊन जे मुतून गेले ते नदीचे सगळ्यात जवळचे नातेवाईक ठरले होते.

*

दुसरा निकाल आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या शेडमध्ये सभा बसली. माझा धाकटा भाऊ खुशाल उभा राहिला. चोविशीचा, तापट, पण मैनेसमोर लोणी.

"मी म्हनतो सप्पाई जन उतरू ना डोहात! साबन नाई, जाळं नाई. नुसती आंघोळ. थुंका, शिंकरा, पंचाले जे पायजे थे देऊन टाका! तिसरा नमुना अजून बाकी हाय."

माणसं हसली. कोणी म्हणालं, "खुशाल, तू एकटाच उतर, तुझ्या डोक्यातल्या कोंड्यानंच बहुमत होईन."

काकू हसल्या नाहीत. "मे महिना हाय. सारा मासा थ्या डोहात हाय. दोनशे पाय घालसान त गाळ ढवळन, अंडी मरन. मंग बोटीवाल्याईत अन् आपल्यात काय फरक रायला?"

"बी राहीन वो काकू, पन आपन नाई राहू."

"आपन नाई रायलो त बी कोनाले कामाचं पडन. पाळ मोडाची नाई."

हात वर झाले. पाळ राखायच्या बाजूनं सगळे, खुशाल सोडून. तो चप्पल घालून निघून गेला. जाताना शेडचं पत्र्याचं दार असं आपटलं की मैना माझ्या कुशीत दचकली.

तिसरा नमुना मी घेतला. पाण्याला पाय न लावता, खडकावर उभी राहून, बांबूच्या टोकाला बाटली बांधून. सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून मैनेला सोबत नेलं होतं. माझा स्वतःचा डीएनए यंत्राला ठाऊक आहे, तो ते वगळतं. दर दहा ठिकाणांमागे एक कोरी बाटली शुद्ध पाण्यानं भरून चूक तपासतो, पण त्या दिवशी डोह दहावा नव्हता.

निकाल आला. मच्छीमार सोसायटी: चार पूर्णांक दोन.

खुर्ची मिळाली होती. पण शेडमध्ये कोणी टाळी वाजवली नाही. सगळे वळून खुशालकडे बघत होते.

"मी नाई गेलो," तो म्हणाला.

"मंग पंचाले काय सपन पडलं?" कोणीतरी बोललं.

काकू उठून खुंटीपाशी गेल्या. मग म्हणाल्या, "खुर्ची आली, थे घेऊ. गावासाठी घेऊ. पन पाळ मोडली, त्याचं जाळं खुंटीले."

खुशालनं माझ्याकडे पाहिलं. "ताई, तू त सांग या लोकाईले. इमानानं, मी नाई गेलो."

आणि मी, जिला ते यंत्र देवासारखं खरं वाटत होतं, म्हणाले, "खुशाल, केलंस ते केलंस. आता खोटं तरी बोलू नको."

*

त्या दुपारी झाकण मुठीत घेऊन मी त्याच्या अंगणात गेले. मैनेला शेजारी सोडलं होतं. तो बांबूच्या कांबी सोलत बसला होता. जाळ्याला हात लावायची बंदी, मग हात कशाला तरी हवेत. मान वर केली नाही.

मैनेच्या तोंडातलं झाकण मीच बाटलीला लावलं, हे सगळं सांगितलं. माझी चूक आहे, म्हणाले. तुझ्यावर विश्वास ठेवला नाही, ही दुसरी. तेव्हा त्यानं वर पाहिलं, झाकण घेतलं, उलटसुलट केलं, अंगठ्यांत धरलं आणि फुंकलं. खणखणीत वाजलं.

"माह्या भाचीची थुंकी," तो म्हणाला, आणि हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "अख्खी सोसायटी नाई करू शकली थे एकट्या पोरीनं केलं बे!"

"उद्या सभा आहे डोहाची. मी सांगणार आहे."

हसू थांबलं. "कोनाले?"

"सगळ्यांना. सभा घेणाऱ्या देशकर सरांना. नमुना बाद करा म्हणून."

"खुळी झाली का वो ताई?" कांबी बाजूला ठेवली. "खुर्ची जाईन. उंबरा फोडतीन थे."

"आणि तुझं जाळं?"

"राहू दे वर्षभर खुंटीले. मी वीटभट्टीवर जाईन, रानात जाईन, काईबी करीन. मले माहीत हाय मी नाई गेलो. आता तुलेबी माहीत हाय. बास झालं." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "तू नको बोलू. तुझ्या शास्त्राची शपथ मोडते त मोडू दे. थ्याईनं आपलं नातं शून्य लिवलं, तवा कोनाची शपथ मोडली नाई?"

तो पुन्हा कांबी सोलायला लागला. मी निघाले. पण घरी येताना शेडवरून आले. खुंटीला त्याचं जाळं होतं. त्यात कोळी राहायला आला होता. शेडमध्ये बसलेली पोरं ते बोटानं एकमेकांना दाखवत होती: हे पाळ मोडणाऱ्याचं. पाळ मोडलीच नव्हती. नऊ पिढ्यांत कोणीही मोडली नव्हती, आणि आता माझ्यामुळे ती मोडली असं या पोरांच्या डोक्यात बसणार होतं. एकदा मोडली म्हटल्यावर दुसऱ्यांदा कोण राखतं? खडक फोडायलाही लागणार नाही मग.

*

सकाळी दहाला तालुक्याच्या सभागृहात. देशकर सर मधे. ते खोऱ्याचे समन्वयक. माणूस वाईट नाही, फक्त कागदातून बघतो. डावीकडे रिसॉर्टचे व्यवस्थापक, उजवीकडे आमच्या नव्या खुर्चीत अंजनाकाकू, नऊवारी लुगडं ठेवणीतलं. मागे सोसायटीची माणसं. अगदी मागे, दाराशी, खुशाल. मैना माझ्या मांडीवर, कारण मैना नेहमीच माझ्या मांडीवर.

मी उभी राहिले आणि सांगितलं. झाकण टेबलावर ठेवलं. "ती लाळ माझ्या मुलीची आहे. डोहात कोणीही उतरलं नाही. खुशाल दिघोरे उतरला नाही. तिसरा नमुना बाद करा."

व्यवस्थापकांनी घसा खाकरला. "म्हणजे मच्छीमारांचं नातं पुन्हा शून्य. बरोबर ना, सर?"

"नियमानं तसंच होतं," देशकर सर म्हणाले.

"नियमानं," मी म्हणाले, "मग दुसरा आकडाही वाचा. डोहात एकेचाळीस जातींचे मासे. रिसॉर्टपाशी चौदा. गावाखाली सतरा. हेही पंचानंच मोजलंय. ते एकेचाळीस तिथं का आहेत, याचं कारण तुमच्या अहवालात काय लिहिलंय?"

त्यांनी पानं उलटली. त्यांना ते वाचायचं नव्हतं, हे दिसत होतं. पण वाचलं. "नैसर्गिक कारणे."

नैसर्गिक कारणे! काकूंच्या सासूनं पोटात भूक असताना जाळं खांद्यावरून उतरवलं नाही, हे नैसर्गिक. भर दुष्काळात समोर मासा खळखळत असताना माणसं माघारी फिरली, हे नैसर्गिक. ऊन पडतं, वारा सुटतो, तसे आम्ही भुकेले राहिलो. मैनेनं माझा पदर घट्ट धरला होता.

काकू उठल्या. "साहेब, तुमच्या घरी देव्हारा हाय का?"

"आहे की."

"त्याच्यावर रोज पाय देऊन उभे रायता?"

"काहीतरीच काय, बाई!"

"मंग तुमचं अन् देवाचं नातं शून्य लिवू का?"

सभागृह हसलं. व्यवस्थापकसुद्धा, चटकन, आणि मग थांबले. देशकर सरांनी चष्मा काढून पुसला. "बाई, मला कळतंय. खरंच कळतंय. पण यंत्राला स्पर्श मोजता येतो. स्पर्श टाळलेला मोजता येत नाही. त्यासाठी रकानाच नाही."

"रकाना तुमी पाडला ना?" काकू म्हणाल्या. "का थोबी नैसर्गिक हाय?"

त्यांनी लिहून घेतलं. मी पाहिलं, खरोखर लिहून घेतलं. पुढच्या आवृत्तीसाठी सूचना. पुढची आवृत्ती तीन वर्षांनी. डोहाचा निर्णय पंधरा दिवसांत.

"नमुना बाद," ते शेवटी म्हणाले. "तिसरा नमुना पुन्हा घ्यावा लागेल. सोमवारी. दुसरा माणूस माझ्याकडे नाही, आणि चूक तुम्ही स्वतःहून सांगितलीत, त्यामुळे तुम्हीच घ्या, तनुजाताई. त्यावर जे येईल ते अंतिम."

काकू एसटी गाठायला पुढे निघाल्या. परतीच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर ताठ बसून होत्या. गावात उतरल्या, सरळ शेडमध्ये गेल्या, खुंटीचं जाळं काढलं, पदरानं कोळिष्टक पुसलं आणि खुशालच्या खांद्यावर टाकलं.

"माह्या तोंडातून गेलं थे गेलं," त्या म्हणाल्या. "घे. उद्या पहाटचा डोंगा तुझा."

खुशालनं मान हलवली. मग माझ्याकडे बघितलं. राग होता, आणि रागाखाली काय होतं ते मला नीट वाचता आलं नाही. "गेली ना खुर्ची," एवढंच म्हणाला.

*

आज रविवार. वरून, रिसॉर्टकडून, गाण्याचा आवाज येतोय आणि मधूनच पाण्यात उडी पडल्याचा. मी उद्याची पेटी भरतेय. बांबूची दोरी नवी बांधली. मोजे. कागद. चार बाटल्या, चार निळी झाकणं. उद्या पुन्हा शून्य येणार हे मला ठाऊक आहे, देशकर सरांना ठाऊक आहे, रिसॉर्टला तर बोटींचा रंगसुद्धा ठाऊक आहे. आमच्या गावातून कोणी डोहात उतरणार नाही. काकूंनी विचारलंसुद्धा नाही, आणि या वेळी खुशालही गप्प आहे.

मैना पेटीपाशी उकिडवी बसून सगळं बघतेय. सभेत ती झोपली असेल असं मला वाटलं होतं. झोपली नव्हती. पोरं कधीच झोपलेली नसतात.

तिनं एक झाकण उचललं. ओठांना लावलं नाही. नुसतं दोन्ही अंगठ्यांत धरलं, मामानं शिकवल्यासारखं, आणि माझ्याकडे मान वर करून बघत राहिली. केस कपाळावर चिकटलेले, पुढचा एक दात हलतोय.

"आई," ती म्हणाली, अगदी हळू, जसं काही शेजारच्या खोलीत कोणी झोपलंय. "उद्या मी परत फुंकू का गं?"